तुकोबांचे टाळकरी: पथ्य एकट्याने का टिकत नाही?

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. पंढरपूरला जाणे जमत नाही ते इथे येतात, म्हणून या ठिकाणाला धाकटी पंढरी म्हणतात. देवाचे लोकांच्या तोंडचे नाव मात्र बोंबल्या विठोबा. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, त्यावरून हे नाव पडले असे काही जण सांगतात. दुसरी कथा संत तुकाराम महाराजांची आहे. ते देहूहून घाट उतरून मिरच्या विकायला कोकणात येत. गिऱ्हाइकांनी माल उधारीवर नेला आणि पैसे बुडवले, तेव्हा विठोबानेच बोंब मारून वसुली केली, अशी ही कथा. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रातही मिरच्यांच्या या व्यापाराची गोष्ट येते. तिथे लोक आपल्याच हाताने माल मापून घेतात, तुकोबा हिशेब विचारत नाहीत आणि शेवटी देवाला त्यांचा नोकर होऊन पैसे गोळा करावे लागतात.

डॉक्टरने आरोग्याच्या पानावर तुकोबांची गोष्ट कशाला काढली, असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडे येणारे बरेच लोक मला हेच सांगतात की डॉक्टर, सगळे कळते पण टिकत नाही. सकाळचे चालणे तीन आठवडे होते आणि थांबते. तंबाखू सुटते आणि एखाद्या लग्नात पुन्हा तोंडात जाते. शुगरची गोळी बरे वाटू लागले की बंद होते. घरचे म्हणतात, याला मनाचा निग्रहच नाही. मला हे निदान पुरेसे वाटत नाही. निग्रहाचे उदाहरण म्हणून आपण ज्या तुकोबांकडे पाहतो, त्यांच्याभोवती किती माणसे होती ते आधी पाहा.

तुकोबांचा जन्म देहूचा, १६०८ सालचा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरी वाण्याचे दुकान, सावकारी, गावची महाजनकी, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पंढरीची वारी. सावजींचे मन संसारात नव्हते, त्यामुळे दुकानाचा भार तेराव्या-चौदाव्या वर्षीच तुकोबांवर आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याची रुग्ण, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाईंशी दुसरे लग्न झाले. पुढे आईवडील गेले. भावजय गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले.

मग १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. तुकोबांचे दिवाळे निघाले, रखमाबाई गेल्या, लहानगा संतूही गेला. दम्याच्या रुग्णाला उपासमारीत काय भोगावे लागले असेल, याची मला थोडी कल्पना येते. त्या काळी श्वास मोकळा करणारा पंप नव्हता.

वयाच्या विशीत हे सगळे ओढवलेला माणूस आज तुमच्या घरी असता, तर तुम्ही त्याच्या झोपेची, जेवणाची आणि तो एकटा किती वेळ बसतो याची काळजी केली असती. तुकोबा एकटे बसलेही. भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर त्यांनी दिवस काढले. कान्होबा त्यांना शोधत डोंगरावर गेले आणि परत घेऊन आले. कर्जखतांच्या वाटण्या झाल्या. अर्धे कागद कान्होबांना मिळाले, स्वतःच्या वाट्याचे तुकोबांनी इंद्रायणीत सोडले. लोकांना या गोष्टीतली नदी आठवते. मला भावाला शोधत डोंगर चढणारा कान्होबा जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर तुकोबांनी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ उभे केले आणि कीर्तनात उभे राहू लागले. सुरुवातीला ते दुसऱ्या कीर्तनकारांच्या मागे उभे राहून ध्रुवपद धरत. पुढे त्यांच्याच मागे टाळकरी उभे राहिले. परंपरा चौदा टाळकऱ्यांची नावे सांगते. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे तेली, गंगाराम मवाळ, लोहगावचे नावजी माळी आणि शिवबा कासार, भाऊ कान्होबा आहेत. वाघोलीचे रामेश्वरभट्टही आहेत, जे आधी त्यांचे कडवे विरोधक होते. अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना नदीकाठी बसले, आणि पुढे रामेश्वरभट्टांचा दाह शमला, या कथा तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा वैद्यकीय अर्थ लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तेली, माळी, कासार, ब्राह्मण असे लोक रोज रात्री एका ओळीत उभे राहत होते, हे मात्र लक्षात ठेवा. टाळकऱ्याचे काम ओळ झेलायचे असते. पुढचा दमला तर मागचे सूर धरतात, आणि मागचा आला नाही तर ओळीत त्याची जागा मोकळी दिसते.

मंबाजींची गोष्ट याच मुद्द्याची आहे. मंबाजी गोसावी देहूतच राहत. तुकोबांचा त्यांना मत्सर वाटे, पण कीर्तनाला रोज येत. एकदा रागाच्या भरात त्यांनी तुकोबांना काटेरी फांदीने बेदम मारले. त्या रात्री कीर्तनाला सगळे जमले, मंबाजी नव्हते. महिपती सांगतात की तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, त्यांचे अंग चेपून दिले, आणि मारून तुमचेच हात दुखले असतील अशा भावाने समजूत घालून त्यांना कीर्तनाला घेऊन आले.

या कथेत क्षमा आहेच. मी तुम्हाला दुसरी बाजू दाखवतो. कोण आले नाही हे त्यांच्या ध्यानात आले, आणि उद्या बघू असे न म्हणता ते त्याच रात्री गेले. गेल्यावर जाबही विचारला नाही. सवय मोडलेल्या माणसाला परत आणण्याची याहून चांगली रीत मला पुस्तकातही सापडलेली नाही. आपण उलट करतो. मित्र चार दिवस फिरायला आला नाही की पाचव्या दिवशी त्याची टिंगल करतो. मग तो लाजेने सहाव्या दिवशीही येत नाही.

१६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. पुढे त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आजच्या वारीत माणूस बहुधा सुटा चालत नाही, दिंडीत चालतो. दिंडीतला वीणा हातोहात फिरतो, खाली ठेवत नाहीत. ज्ञानोबांच्या पालखीत संध्याकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. गळ्यातली तुळशीची माळही तशीच. माळकरी दारू-मटण घेत नाही हे गावाला ठाऊक असते, म्हणून त्याला कोणी आग्रहच करत नाही. रोज नाही म्हणण्याची त्याची निम्मी मेहनत वाचते. तंबाखूच्या धुराचा निषेध करणारा अभंगही तुकोबांच्या गाथेत आहे, हे तपकीर-विडीवाल्या वारकऱ्यांना मी मुद्दाम सांगतो.

विज्ञान काय सांगते

अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्याच्या चार महिन्यांच्या कार्यक्रमात काही जण एकटे आले, काही जण तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन आले. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांसह येऊन एकमेकांना साथ देण्याचेही शिकवले गेलेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते. खरा फरक पुढे दिसला. दहाव्या महिन्यात कमी झालेले वजन पूर्णपणे टिकवणारे एकट्यांमध्ये २४ टक्के होते आणि मित्रांसह आलेल्यांमध्ये ६६ टक्के. एकाच अभ्यासावर मदार ठेवू नये, पण दवाखान्यात आम्हाला दिसते ते याच्याशी जुळते. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये दोन दारूच्या आहारी गेलेल्या माणसांच्या भेटीतून सुरू झाली. त्यांतला एक डॉक्टरच होता. औषधाची माहिती असूनही त्याला दुसऱ्या माणसाची गरज पडली.

तुमची ओळ कशी जमवाल

मोठा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. दोनशे लोकांच्या ग्रुपमध्ये तुम्ही आला नाहीत हे कोणालाच कळत नाही. तीन-चार जण पुरे. काम मोजता येईल असे ठरवा. वजन घटवायचे, एवढे म्हणून भागत नाही. सहा वाजता देवळाच्या पायरीशी भेटून अर्धा तास चालायचे, असे ठरवा. शक्य असेल तर आपल्याच दुखण्याचा एक जण सोबत घ्या, कारण मधुमेहवाल्याला मधुमेहवाल्याची सबब लगेच ओळखू येते. खाडा झाला तर त्याच दिवशी फोन करायचा आणि आधी तब्येत विचारायची, हा नियम पहिल्याच दिवशी बोलून घ्या. नवरा-बायकोंनी एकमेकांचे पहारेकरी होऊ नये असे माझे मत आहे. त्यातून भांडणे होतात आणि लपूनछपून खाणे वाढते. शेजारचा मित्र हे काम जास्त सौम्यपणे करतो.

काही गोष्टी मित्रांवर सोडू नका

रोज भरपूर दारू पिणारा माणूस एकादशीला माळ घालून एकदम दारू बंद करतो, तेव्हा घरच्यांना आनंद होतो. पण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, उलट्या, झोप उडणे सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बरळणे, ताप. यातून जीवही जातो. म्हणून अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्या. औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे बंद करता येते आणि बी-१ जीवनसत्त्वही द्यावे लागते. लक्षणे आधीच सुरू झाली असतील तर थेट रुग्णालय गाठा. त्याला घरी कोंडून ठेवू नका.

उपवासाचेही तसेच. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेत असाल तर न विचारता उपवास धरू नका, साखर घसरते. मग साबुदाणा खाल्ला की उलट चढते, कारण तो जवळजवळ नुसता पिष्ट असतो. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णालयात न्या. दिंडीत किंवा यात्रेत सोबत चालणाऱ्या एकाला तरी तुमच्या गोळ्यांची नावे ठाऊक असू द्या.

आणि साजगावच्या बाजारातून सुकी मासळी आणणार असाल, तर एवढे विचारून घ्या की ती नुसती उन्हात वाळवलेली आहे की मिठात मुरवलेली. दिवसभराचे मीठ, सगळे मिळून, ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. रक्तदाब, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी खारवलेला मासा टाळलेला बरा. मिठाशिवाय वाळवलेले बोंबील स्वच्छ धुऊन, वरून मीठ न घालता, कधीमधी खाल्ले तर रक्तदाबवाल्यांना माझी हरकत नसते. किडनीच्या रुग्णांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.