ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ - ३१ ऑगस्ट, १९७३) या बालशिक्षणतज्ज्ञ व समाजसेविका होत्या. ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी गरीब आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग केले. 'अंगणवाडी' ही संकल्पना त्यांच्या कार्यातून पुढे आली.

पूर्वायुष्य
ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केसकर. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु पुढे ते विभक्त झाले. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. नंतर ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले.

बोर्डीतील प्रयोग
माँटेसरी पद्धतीची साधने महाग असल्याने हे शिक्षण शहरातील सुस्थितीतील कुटुंबांपुरतेच राहत होते. ते खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोहोचावे, या हेतूने ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. शंखशिंपले, बिया, खडे, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंपासून त्यांनी शैक्षणिक साधने तयार केली. यामुळे बालवाडीचा खर्च कमी झाला आणि साधने मुलांच्या ओळखीची झाली.

वस्तीवरची मुले केंद्रात येत नाहीत, असे आढळल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरविण्यात आली. अशा रीतीने मध्यवर्ती बालवाडी व अंगणवाडी असे दोन प्रकार निर्माण झाले. मुलांची स्वच्छता व आहार यांनाही शिक्षणाइतकेच महत्त्व होते.

कोसबाड
१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथील वारली मुलांपैकी अनेकांना गुरे राखावी लागत, तर मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे. शाळा नियमित चुकत असल्याने ही मुले अभ्यासात मागे पडत आणि अखेर शाळा सोडत. मुलांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी शाळेची रचना बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' त्यांनी उभी केली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिल्यामुळे थोरली बहीण वर्गात बसू शकत असे. गुराखी मुलांसाठी चराईच्या जागीच 'कुरणशाळा' भरे.

शासकीय योजनेशी संबंध
स्वयंसेवी संस्थेची साधने मर्यादित असतात. एखाद्या टेकडीवर यशस्वी झालेला प्रयोग देशभर नेण्यासाठी सरकारी निधी लागतो. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर, १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांना पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अंगणवाडीतून मिळू लागले. गरीब घरातील मूल पहिलीत येण्यापूर्वीच कुपोषणामुळे व शैक्षणिक अनुभवाच्या अभावामुळे मागे पडते. म्हणून या वयावर केलेला खर्च पुढील शालेय शिक्षणाचा पाया ठरतो. तथापि, शासकीय अंगणवाडीत अनेकदा आहारवाटपाला प्राधान्य मिळून शिक्षणाची बाजू दुबळी राहते. ताराबाईंच्या मूळ प्रयोगात या दोन्ही गोष्टी अविभाज्य होत्या.

सन्मान व वारसा
१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या पश्चात अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या निधनापर्यंत, चालविले. रत्नाकर मतकरी यांचे 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारित आहे.