देवळालीचे कापरेकर मास्तर : शिक्षण बीएस्सीवर थांबलं, पण आकडा जगभर पोचला

मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि एक चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढी एकच अट.

समजा घेतलं १९०५. आता हेच अंक उतरत्या क्रमाने लिहा, ९५१०. मग चढत्या क्रमाने, ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. आले ९३५१. या आकड्याचंही तसंच करा. ८१७२ येईल. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४.

आता ६१७४ चं तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४!

संख्या कुठलीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ वरच येऊन थांबते. या आकड्याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो शोधला नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. पोराला आकड्यांची गोडी लागली ती घरातूनच.

शाळा ठाण्यात झाली आणि १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी हातात पडली.

इथपर्यंत सगळं झकास. पुढे एमएस्सी, मग संशोधन, अशी वाट दिसत होती. पण कापरेकरांचं औपचारिक शिक्षण बीएस्सीवरच थांबलं, ते कायमचं. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

शिक्षण थांबलं तरी आकडे काही थांबले नाहीत.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या. एका प्रकाराची कल्पना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून त्या झाल्या डेम्लो संख्या. आणखी एका प्रकाराला तर त्यांनी थेट आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या!

६१७४ त्यांना सापडला १९४६ मध्ये. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला.

पण दाद फारशी मिळाली नाही.

देशातल्या गणितज्ञांना हा सगळा आकड्यांचा खेळ वाटायचा. कापरेकरांच्या मागे विद्यापीठ नव्हतं, मार्गदर्शक नव्हता. पुढचा प्रश्न कुठला घ्यावा, हे सांगणारा कुणी सोबत नव्हता. बरंचसं काम लहान नियतकालिकांत आलं, नाहीतर त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवलं.

निवृत्तीनंतर दिवस आणखी कठीण आले. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. राहणी अगदी साधी असूनही पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मग आलं १९७५. मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गाजलेल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. तेव्हा त्यांचं वय होतं ७०. १९८६ मध्ये ते गेले.

आता त्याच फर्ग्युसनमधल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे बघा.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. कापरेकरांनंतर तीनच वर्षांनी, १९३२ मध्ये ते फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवीधर झाले. पण ते तिथे थांबले नाहीत. लंडनला गेले, तिथे संख्याशास्त्रातली मोठमोठी माणसं शिकवायला होती. १९३६ मध्ये पीएचडी घेतली.

परत आल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेत शेतीच्या आकड्यांचं काम हाती घेतलं. सगळी शेतं मोजणं शक्य नसतं. मग चिठ्ठी टाकल्यासारखी थोडी शेतं निवडायची, तिथलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. ही पद्धत देशात रुजवण्यात सुखात्म्यांचा मोठा वाटा आहे. आजही पीक विम्याची भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोग होतात, ते याच धर्तीवर. पुढे १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगाच्या भुकेचा हिशोब मांडू लागले.

दोघांपैकी हुशार कोण, हा प्रश्नच नाही. फरक होता सोबतीचा. एकाला पदवीनंतर गुरू, सहकारी आणि सोडवायला मोठे प्रश्न मिळाले. दुसऱ्याला वही, पेन आणि एकांत मिळाला, आणि दाद मिळायला सत्तरी उजाडावी लागली.

१९२९ मध्ये पुणे विद्यापीठ नव्हतं. तिथला संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो १९५३ मध्ये, केंब्रिजहून पीएचडी करून आलेल्या कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजारांच्या पुढाकाराने.

आज चित्र वेगळं आहे. बीएस्सीच्या पोरांना आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम परीक्षा आहे, तिच्यात गणित आणि संख्याशास्त्राचे वेगळे पेपर असतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. गणितात पुढे शिकणाऱ्यांना राष्ट्रीय उच्च गणित मंडळ शिष्यवृत्ती देतं. पदवीच्या पोरांसाठी एमटीटीएस नावाचं उन्हाळी गणित शिबिर १९९३ पासून चालू आहे.

नाशिकच्या एखाद्या कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून वहीत आकड्यांशी खेळणारं पोर आजही असेल. बीएस्सी झाली, आता मिळेल ती नोकरी धर, असं त्याला घरून सांगितलंही जात असेल. त्याच्यासाठी या परीक्षांचे फॉर्म दरवर्षी निघतात. कुणीतरी वेळेत त्याच्या हातात द्यायला हवेत.