तुफानांचा मागोवा घेणारे धर्मगुरू : फादर लुई फ्रॉक

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या नेरळ, कर्जत व खालापूर परिसरातील भाविकांना पाऊसवाऱ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ येऊन धडकले. घरांची छपरे उडाली, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. परंतु वादळाची वार्ता अगोदरच पोहोचल्यामुळे किनाऱ्यावरील हजारो लोकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलविता आले. आज ही पूर्वसूचना आपण गृहीत धरतो. आकाशात उपग्रह नव्हते, त्या काळात चीनच्या किनाऱ्यावरील खलाशांना अशी सूचना देण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते येशूसंघाचे धर्मगुरू फादर लुई फ्रॉक यांचा हा अल्प परिचय.

फादर फ्रॉक यांचा जन्म १८५९ साली फ्रान्समधील ब्रेस्ट या बंदराच्या शहरी झाला. ब्रेस्ट हे फ्रेंच आरमाराचे मोठे ठाणे. समुद्रावर गेलेले माणूस परत येईल की नाही, ही काळजी तेथील घराघराला परिचित होती. तरुणपणी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १८८३ साली ते चीनमधील शांघाय येथे पोहोचले. शहरालगतच्या झिकावेई या गावी येशूसंघीयांचे मिशनकेंद्र होते. झिकावेई म्हणजेच आजचे शुजियाहुई. सोळाव्या-सतराव्या शतकातील थोर चिनी विद्वान व ख्रिस्ती श्रावक शू ग्वांगची यांच्या कुळावरून या गावाला हे नाव मिळाले. १६०३ साली बाप्तिस्मा घेऊन ‘पॉल’ हे नाव धारण करणाऱ्या या विद्वानाने फादर मत्तेओ रिची यांच्यासमवेत युक्लिडच्या भूमितीचे चिनी भाषांतर केले होते. श्रद्धा आणि शास्त्र यांची सांगड घालणारी परंपरा त्या भूमीत अशी जुनीच होती.

याच झिकावेई येथे १८७२ साली येशूसंघीयांनी वेधशाळा सुरू केली. तिचे संचालक फादर मार्क देशेव्रेन्स मूळचे स्वित्झर्लंडचे. ३१ जुलै १८७९ रोजी एका भीषण तुफानाने शांघाय परिसराला तडाखा दिला. त्या तुफानाची वाट, त्याचा वेग व वायुभारातील चढउतार यांचा देशेव्रेन्स यांनी बारकाईने अभ्यास केला आणि वादळ हे अचानक कोसळणारे गूढ संकट नसून त्याचा माग काढता येतो, हे दाखवून दिले. व्यापारी व जहाजमालक यांना त्याचे मोल तत्काळ पटले. १८८२ साली शांघायच्या व्यापारी मंडळाच्या साहाय्याने वादळसूचनेची व्यवस्था आकारास आली, आणि १८८४ पासून शहराच्या नदीकाठी उभारलेल्या डोलकाठीवर हवामानाचे संकेत चढू लागले. फादर फ्रॉक यांनी उमेदवारी केली ती याच वेधशाळेत. फादर स्तानिस्लास शेव्हालिए यांच्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तिच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या काळी वादळाचा शोध कसा घेतला जाई, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल. उत्तर गोलार्धात तुफानाचे वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास वादळाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला असते. केंद्र जवळ येऊ लागले की वायुभारमापकातील पारा घसरतो. एकाच ठिकाणच्या नोंदीवरून फारसे काही कळत नाही. पण शेकडो मैलांवरील अनेक ठिकाणांहून एकाच दिवशी वाऱ्याची दिशा व वायुभार कळला, तर त्या सर्वांच्या मेळातून केंद्राची जागा नकाशावर निश्चित करता येते. दुसऱ्या दिवशी तेच केले की वादळाची वाट दिसू लागते.

म्हणून ही सेवा एकट्या वेधशाळेची कधीच नव्हती. चिनी सागरी जकात खात्याचे दीपगृहरक्षक आपापल्या ठिकाणच्या नोंदी पाठवीत. निरनिराळ्या बंदरांतून तारेने संदेश येत. परतलेल्या जहाजांचे कप्तान आपल्या रोजनिशीतील नोंदी वेधशाळेच्या स्वाधीन करीत. फिलिपिन्समधील मनिला येथेही येशूसंघीयांची वेधशाळा होती. तेथील फादर फेदेरिको फाउरा यांनी जुलै १८७९ मध्ये तुफानाची पूर्वसूचना दिली होती. तुफाने बहुधा फिलिपिन्सच्या बाजूने चीनकडे येत असल्याने तेथील वार्ता शांघायला मोलाची ठरे.

खरी कसोटी मात्र पुढे होती. पॅसिफिक महासागरात जन्मलेले तुफान प्रथम पश्चिम व वायव्य दिशेने सरकते. त्यानंतर काही तुफाने तशीच पुढे येऊन चीनच्या किनाऱ्यावर आदळतात, तर काही वाटेत वळून ईशान्येकडे, जपानच्या दिशेने निघून जातात. ते वळणार की नाही आणि वळले तर कोठे, यावर सूचना देणाऱ्याला निर्णय घ्यावा लागे. सूचना दिली नाही आणि तुफान आले, तर मच्छीमारांच्या होड्या खलाशांसह बुडणार. सूचना दिली आणि तुफान वळून गेले, तर बंदरात अडकलेल्या गरीब नावाड्याची मजुरी बुडणार, आणि पुढच्या वेळी तो संकेताकडे पाहणारही नाही. घाबरविणे आणि सावध करणे यांतील अंतर फादर फ्रॉक यांना दर हंगामात राखावे लागे.

हे संकट किती खरे होते, हे १८ सप्टेंबर १९०६ रोजी हाँगकाँगने अनुभवले. आकाराने लहान पण अतिशय उग्र अशा तुफानाने जवळजवळ पूर्वसूचनेविना ते बंदर गाठले. अवघ्या काही तासांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक होड्यांवरच संसार थाटलेले कोळी होते. तारेचे जाळे कितीही पसरले तरी समुद्राचा मोठा भाग नोंदीविना राहतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होता.

अशा मर्यादांवर फादर फ्रॉक यांचे उत्तर होते ते चिकाटीचे. वादळ ओसरल्यावरही त्यांचे काम थांबत नसे. उशिरा हाती आलेल्या नोंदी जुळवून प्रत्येक तुफानाची खरी वाट ते पुन्हा रेखाटीत. १८९३ ते १९१८ या काळातील ६२० तुफानांच्या मार्गांचा त्यांचा नकाशासंग्रह १९२० साली प्रसिद्ध झाला. कोणत्या महिन्यात तुफाने बहुधा कोणत्या वाटेने जातात, हे त्यामुळे कप्तानांना एका दृष्टिक्षेपात कळू लागले. भाषेची अडचण येऊ नये म्हणून दुरूनही ओळखता येतील अशा दृश्य संकेतांची पद्धतीही त्यांनी सिद्ध केली आणि ती चीनच्या किनाऱ्यावरील बंदरांत वापरात आली. खलाशी त्यांना आदराने ‘तुफानांचे पिता’ म्हणत.

आपल्या जिल्ह्याशी जुळणारा एक योगायोग येथे नमूद करावासा वाटतो. वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होत असत. शांघायमध्ये विजेच्या ट्राम धावू लागताच त्या नोंदींत व्यत्यय येणार होता, म्हणून १९०८ च्या सुमारास ते काम लुकियापांग या गावी हलविण्यात आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेवरही तोच प्रसंग आला होता, आणि तिचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींसाठी निवडलेले ठिकाण होते आपले अलिबाग. तेथील काम १९०४ साली सुरू झाले.

दीर्घ सेवेनंतर फादर फ्रॉक १९३१ साली मायदेशी परतले आणि १९३२ साली पॅरिस येथे ख्रिस्तवासी झाले. शांघायच्या फ्रेंच वसाहतीतील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले होते. आज तो हफेई मार्ग या नावाने ओळखला जातो. १९०७ साली बांधलेला संकेतांचा मनोरा नदीकाठी अजून उभा आहे. नाव पुसले गेले तरी त्यांचे कार्य पुसले गेले नाही. ज्यांची नावे त्यांना कधीच कळली नाहीत, अशा असंख्य कोळ्यांनी व खलाशांनी त्या मनोऱ्याकडे पाहून आपली होडी काठाला लावली आणि ते सुखरूप घरी परतले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा हाही एक मार्ग आहे, हे फादर फ्रॉक यांनी प्रवचनाविना, रोजच्या नोंदवहीतून दाखवून दिले.