निजामाची दौलत आणि वारसांचा सात दशकांचा खटला

येडशी : बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ येडशीवरून पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला पोहोचले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला हा मुलूख ज्यांच्या सत्तेखाली होता, त्या हैदराबाद संस्थानात गादीबदल झाला. वडील महबूब अली खान यांच्या निधनानंतर मीर उस्मान अली खान हे सातवे निजाम झाले.

संस्थानाच्या खजिन्याखेरीज 'सर्फ-ए-खास' या खासगी जहागिरीचा महसूल थेट निजामाकडे जात असे. त्यांचेच नाव मिळालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील काही मुलूखही या जहागिरीत मोडत होता. १९३७ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. स्वतःवर मात्र ते अत्यंत काटकसरीने खर्च करीत.

या वैभवाला आधार इंग्रजी सत्तेचा होता. १९४७ मध्ये ती सत्ता गेली आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईने निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारी मुलखात विलीन झाली, जहागिऱ्याही रद्द झाल्या. पुढच्याच वर्षीच्या कूळ कायद्याने कसणाऱ्याच्या हक्काला संरक्षण दिले.

जमीन गेली, तरी जडजवाहीर आणि रोकड उरली. वारसांत तंटा होऊ नये म्हणून उस्मान अलींनी कुटुंबीयांसाठी अनेक विश्वस्त निधी स्थापन केले. थोरले पुत्र आझम जाह यांना डावलून १९५४ मध्ये त्यांनी नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांना टाळायचा होता तोच तंटा पेटला. मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात मेंढपाळीकडे वळले, इकडे मालमत्तेवर दावे वाढत गेले. १९९५ मध्ये केंद्र सरकारने निजामाचे १७३ दागिने सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले.

सर्वांत लांबला तो लंडनचा खटला. राजवट कोसळताना, सप्टेंबर १९४८ मध्ये सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या बँक खात्यात वळविण्यात आले होते. आपल्या संमतीविना पैसे हलविल्याचे सांगून निजामाने ते परत मागितले. पाकिस्तानने दावा सोडला नाही आणि १९५७ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठातही प्रश्न सुटला नाही. रक्कम गोठलेलीच राहिली आणि व्याजाने वाढत साडेतीन कोटी पौंडांवर गेली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल भारत सरकार आणि निजामाच्या दोन नातवांच्या बाजूने दिला. त्यावरही अन्य वंशजांनी हिस्सा मागितला.

मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूल येथे निवर्तले. त्याच वर्षी उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. जमिनीच्या वारशाचा निकाल कायद्याने १९४९-५० मध्येच लावला होता. साठवलेल्या धनाचा वारसा ठरवायला मात्र तीन पिढ्या पुरल्या नाहीत.