विश्लेषण : प्रवाळातले रंगीत मासे कुणाशी भांडतात? कोनराड लोरेन्झ यांच्या गाजलेल्या सिद्धांताचे पुढे काय झाले?

हंसांच्या पिल्लांची रांग मागे घेऊन चालणारा दाढीवाला शास्त्रज्ञ, ही कोनराड लोरेन्झ यांची जगभर पोहोचलेली प्रतिमा. प्राण्यांच्या वर्तनशास्त्राचा पाया घालणाऱ्या या नोबेल विजेत्याने प्रवाळातल्या माशांची भांडणेही तितक्याच चिकाटीने पाहिली. त्यातून मांडलेला सिद्धांत आधी गाजला आणि नंतर बराचसा मागे पडला. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न प्रवाळ पांढरे पडू लागल्यापासून पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.

लोरेन्झ कोण होते?

जन्म ७ नोव्हेंबर १९०३, व्हिएन्ना. वडील अ‍ॅडॉल्फ लोरेन्झ हे नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्या आग्रहामुळे कोनराड यांनी १९२८ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, पण ओढा प्राण्यांकडेच होता. १९३३ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग येथील घरात त्यांनी पक्षी आणि मासे पाळले होते. अंड्यातून बाहेर पडलेले हंसाचे पिल्लू सुरुवातीच्या काही तासांत जे हलताना दिसेल त्यालाच आई मानते, हे त्यांनी तपशिलाने दाखवून दिले. प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून चाचण्या घेण्याऐवजी त्यांच्यासोबत राहून निरीक्षण करणे, ही त्यांची पद्धत.

नाझी राजवटीशी त्यांचा संबंध काय?

जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ मध्ये लोरेन्झ नाझी पक्षात गेले. १९४० मध्ये त्यांना क्योनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. पाळीव प्राण्यांमध्ये जशी उपजत प्रवृत्तींची घसरण होते, तशीच ती शहरी माणसांतही होते, असे त्यांनी त्या काळात लिहिले. हे लेखन नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला पूरक होते. पुढे ते सैन्यात गेले, १९४४ मध्ये सोव्हिएत फौजांच्या हाती लागले आणि १९४८ मध्ये सुटून परतले. नंतर त्यांनी या लेखनाबद्दल खेद व्यक्त केला. तरीही हा डाग पुसला गेला नाही. साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांना दिलेली मानद डॉक्टरेट २०१५ मध्ये, मृत्यूनंतर, काढून घेतली.

प्रवाळात त्यांना काय दिसले?

युद्धानंतर बव्हेरियातील सीव्हीसेन येथे त्यांची संशोधन संस्था उभी राहिली. याच काळात त्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रवाळातले मासे पाण्यात उतरून पाहिले, मोठ्या काचटाक्यांतही ठेवले. वेगवेगळ्या जातींचे मासे शेजारून जाताना एकमेकांकडे फारसे लक्ष देत नसत. आपल्याच जातीचा मासा दिसला, की मात्र चावाचावी सुरू होई. यावरून लोरेन्झ यांनी तर्क मांडला : एकाच जातीच्या माशांना एकच अन्न लागते, म्हणून खरा स्पर्धक आपलाच जातभाई. मग भडक रंग म्हणजे दुकानावरची पाटीच. ही जागा घेतलेली आहे, असे ती जातभाईंना दुरूनच सांगते. १९६२ च्या निबंधातून आणि १९६३ मध्ये आलेल्या आक्रमकतेवरील पुस्तकातून हा विचार जगभर गेला.

लहान मासेच जास्त भांडखोर का?

लोरेन्झ यांना आणखी एक गोष्ट खटकली. डॅमसेल कुळातल्या काही जातींत पिल्ले चमकदार आणि तापट असतात, मोठे मासे मात्र फिकट आणि तुलनेने शांत. फ्लोरिडातल्या ‘ज्युएल फिश’चे पिल्लू गडद निळे आणि त्यावर चमचमते ठिपके, तर मोठा मासा तपकिरी. पिल्लांच्या भांडणाचे कारण त्यांच्या जीवनक्रमात सापडते. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्ले काही आठवडे खुल्या समुद्रात वाहत असतात. बोटाच्या पेराएवढी झाली की ती प्रवाळावर उतरतात. तिथे शिकारी टपलेलेच असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत साधारण निम्मी पिल्ले खाल्ली जातात. अशा वेळी लपायला मिळालेली एक फट म्हणजे जीव वाचणे.

सिद्धांत कुठे कमी पडला?

सत्तरच्या दशकात संशोधकांनी समुद्रात उतरून मोजणी केली, तेव्हा चित्र गुंतागुंतीचे निघाले. शेवाळाचे छोटे मळे राखणारे डॅमसेल मासे शेवाळ खाणाऱ्या इतर अनेक जातींनाही हुसकावतात. बटरफ्लाय माशांच्या पाहणीत भडक रंग आणि भांडखोरपणा यांची सांगड जुळली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पीटर सेल यांनी वेगळा मुद्दा मांडला. सारख्याच गरजा असलेल्या अनेक जाती एकत्र राहतात, कारण मोकळी झालेली जागा कुणाला मिळणार हे बरेचसे नशिबावर ठरते. लोकलमधल्या खिडकीसारखे, आधी पोहोचला त्याची जागा. म्हणजे स्पर्धा जातीच्या आत असते तशी दोन जातींतही असते.

आज हा प्रश्न का महत्त्वाचा?

समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात आणि उष्णता टिकली तर मरतात. ग्रेट बॅरियर रीफवर दोन डॅमसेल जातींची पिल्ले एकत्र ठेवून प्रयोग झाला. एक जात जिवंत प्रवाळावर अवलंबून राहणारी, दुसरी कुठेही जुळवून घेणारी. पांढऱ्या आणि मेलेल्या प्रवाळावर दुसऱ्या जातीने पहिलीला आडोशापासून वर, उघड्यावर ढकलले. तिथे ती शिकाऱ्यांच्या तोंडी गेली आणि तिची मृत्युसंख्या वाढली. प्रवाळ खराब झाल्यावर ही स्पर्धाच जीवघेणी ठरली. म्हणून प्रवाळ मेल्यावर किती मासे उरतील हे केवळ तापमान पाहून सांगता येत नाही. लपायच्या जागा किती उरल्या आणि त्यांवर कोण बसले, हेही पाहावे लागते.

लोरेन्झ यांचा वारसा काय?

१९७३ मध्ये निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते आल्टेनबर्गला परतले. तिथेही त्यांनी प्रवाळातल्या माशांसाठी मोठी टाकी ठेवली होती. हाइनबुर्ग येथील डॅन्यूबवरच्या नियोजित वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाला त्यांचे नाव लाभले. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. आक्रमकता उपजत असते आणि ती साचत जाऊन बाहेर पडते, हे माशांवरून काढलेले अनुमान त्यांनी माणसांनाही लावले. त्यावर कठोर टीका झाली. प्राण्यांवरून माणसांचे नियम काढण्याचा धोका त्यांच्याच १९४० च्या लेखनातून दिसला होता. पाण्यात उतरून तासन्‌तास पाहण्याची त्यांची पद्धत मात्र टिकली आणि त्यांचा सिद्धांत तपासणाऱ्यांनीही तीच वापरली.