पारद-संशोधक आचार्य प्रफुल्लचंद्र राय

स्मरणिकेत संत, वीर व समाजधुरीण यांची चरित्रे नेहमी येतात. यंदा आम्ही एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत. आचार्य राय हे बंगालचे. परंतु त्यांच्या शिकवणीतील एक गोष्ट प्रत्येक ज्ञातिसंस्थेने विचारात घ्यावी, अशी आमची धारणा आहे.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आज बांगलादेशात असलेल्या राडुली या खेड्यात झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते १८८२ साली विलायतेस गेले व १८८७ साली एडिंबरो विद्यापीठाचे डॉक्टर झाले. परत आल्यावर वर्षभर त्यांना नोकरी मिळाली नाही. १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरती जागा मिळाली. वरिष्ठ श्रेणी बहुधा गोऱ्यांसाठीच राखलेली असे. हा अन्याय त्यांस बोचला. पण त्यापायी त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही.

पारा हा साध्या उष्णतामानातही द्रवरूप राहणारा विलक्षण धातू. १८९५ च्या सुमारास आचार्य मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणात तयार करीत होते. थंड व सौम्य नत्राम्ल पाऱ्यावर ठेवले असता पात्रात पिवळे स्फटिक दिसले. दुसरा कोणी ते मळ समजून फेकून देता. आचार्यांनी त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा ते मर्क्युरस नायट्राइट हे सर्वस्वी नवे संयुग ठरले. ज्या दोन घटकांचे ते बनले होते ते दोन्ही सहज विघटन पावणारे. त्यांचा संयोग टिकेल अशी अपेक्षा कोणास नव्हती. १८९६ साली हा शोध बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि विलायतेतील नेचर या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. पुढे कित्येक वर्षे नायट्राइटे हाच त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला.

आपल्या पूर्वजांनी पाऱ्यालाच रस म्हटले व त्यावरून रसशास्त्र हे नाव रूढ झाले. जुन्या पोथ्या धुंडाळून आचार्यांनी हिंदु रसायनाचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ साली निघाला. ही विद्या मागे का पडली, याचे एक कारण त्यांनी निर्भीडपणे सांगितले. जातिबंधनांमुळे विचार करणारे डोके आणि काम करणारा हात यांची ताटातूट झाली. कारागिराला शास्त्र मिळाले नाही, आणि शास्त्र्याने भट्टीला हात लावणे कमीपणाचे मानले. ज्ञातीच्या अंकात हे छापताना आम्हांस संकोच वाटत नाही. उलट ते येथेच छापले पाहिजे.

आचार्यांनी स्वतःचे हात मात्र कामास लावले. अल्प भांडवलावर घरातच औषधांचा उद्योग आरंभिला. त्यातूनच १९०१ साली बेंगॉल केमिकल ही कंपनी उभी राहिली. पुण्याचे नामदार गोखले त्यांचे स्नेही. गांधीजींची व त्यांची ओळख गोखल्यांनीच करून दिली. तेव्हा आचार्यांस ८०० रुपये वेतन होते. त्यांतील ४० स्वतःस ठेवून बाकीचे ते लोककार्यास देत. ते आजन्म अविवाहित राहिले. साठीनंतरचे सर्व वेतन त्यांनी विद्यापीठास अर्पण केले. १६ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आमच्या शिनोलीच्या पश्चिमेस डोंगरात हिरडा विपुल होतो. तो वेचणारे हात आपल्याच भागातील. परंतु त्यातील कषायद्रव्याने कातडे कसे कमावले जाते, हे वेचणाऱ्या घरातील मुलास क्वचितच कोणी समजावून सांगते. हात आणि डोके यांची ताटातूट ती हीच. आमच्या शिक्षकी पेशात आम्ही पाहिले की, मुलगा मॅट्रिक झाला की घरात पहिला प्रश्न बैठ्या नोकरीचा निघतो. पारा विषारी आहे, तो कोणी हाती घेऊ नये. परंतु परीक्षानळी अवश्य घ्यावी. शिष्यवृत्ती वाटताना प्रयोगशाळेकडे वळणाऱ्या मुलामुलींचा विचार आपल्या मंडळाने आधी करावा, एवढी विनंती करून आम्ही या थोर आचार्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.