डॉ. कोटणीस: सोलापूरच्या डॉक्टरची कोणती ओळख पडद्यावर आली, कोणती मागे राहिली?

ठाण्यात किंवा डोंबिवलीत एखाद्या युद्धपटाचा शो सुटला की बाहेर चर्चा ठरलेली असते. सिनेमा कोणाच्या बाजूचा होता? त्यातलं खरं किती? हेच प्रश्न १९४६ सालच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'लाही विचारता येतात.

या सिनेमाचे खरे नायक द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस.

हे पथक १९३९ मध्ये येनानला, म्हणजे माओंच्या तळावर पोहोचलं. कोटणीस कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीत जखमींवर उपचार करू लागले. सोबतचे डॉक्टर एकेक करून परतले, ते मात्र थांबले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३२.

त्यानंतर चारच वर्षांत सिनेमा आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित या सिनेमात व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनासोबत कोटणीसांची भूमिकाही केली. चिंगलान झाल्या जयश्री.

आता यातलं राजकारण बघा. महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण होतं आणि ब्रिटिशांना युद्धाला पूरक सिनेमे हवे होते. जपान हा ब्रिटिशांचा शत्रू. डाव्यांना फॅसिझमविरोधी लढा महत्त्वाचा. आणि पथक काँग्रेसने पाठवलेलं. म्हणजे एकाच कथेत तिघांनाही आपापली बाजू सापडत होती.

पण पथक पाठवणारे सुभाषबाबू पुढे त्याच जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना घेऊन लढले. १९४६ मध्ये या सेनेवरचे लाल किल्ल्यातले खटले ताजे होते. त्यामुळे जपान शत्रू की मित्र, हा प्रश्न प्रेक्षकासाठी तेव्हा सोपा नव्हता.

सिनेमाने भर दिला तो देशभक्ती, सेवा आणि प्रेमावर. प्लेगशी झुंज आणि जपान्यांच्या कैदेतून सुटका असं नाट्य आलं. शेवटी चिंगलान बाळाला घेऊन सासरी येतात. प्रत्यक्षात त्या चीनमध्येच राहिल्या, पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. परदेशी सुनेला घराने स्वीकारावं, ही प्रेक्षकाला भावणारी गोष्ट होती. कोटणीसांनी स्वतः निवडलेली पक्षाची ओळख मात्र कथेच्या केंद्रस्थानी आली नाही.

चीनमध्ये त्यांची आठवण आजही जपली जाते, तिथे ते 'के दिहुआ' आहेत. भारतात बहुतेकांना ते सिनेमातून माहीत झाले. म्हणूनच युद्धपट बघताना नायक कोणाशी लढला याबरोबरच त्याची कोणती ओळख कॅमेऱ्याबाहेर राहिली, हेही विचारायला हवं.